ए विंगची जाळी

मेघा: मी वाचते तेवढं ऐका, आनंदराव. मध्ये बोलू नका. "मी आनंदराव, वय अठ्ठावन्न, सेंट्रिंगचा मुकादम. मंगळवारी दुपारी साडेचार वाजता बी विंगच्या पाचव्या मजल्यावर आमचा कामगार वसंत याने सेंट्रिंगच्या प्लेटा काढायला अडचण होते म्हणून संरक्षक जाळी स्वतः सोडली व तोल जाऊन तो खाली पडून मरण पावला. यात साइटवाल्यांचा कोणताही हलगर्जीपणा नाही." हे तुमचं म्हणणं?

आनंदराव: हो, मॅडम. सहीले जागा सोडली आहे खाली.

मेघा: हलगर्जीपणा हा शब्द तुमचा?

आनंदराव: कागद गौरांग सायेबानं टाइप करून देल्ला. मॅनेजर आहे न तो साइटवरचा. आमी सांगतलं, त्यानं चांगल्या मराठीत लिहिलं.

मेघा: जबाब मी माझ्या हाताने लिहिते. घरून टाइप करून आणायचा नसतो. मी सरकारी निरीक्षक आहे, झेरॉक्सचं दुकान नाही चालवत.

आनंदराव: मले का माहीत, मॅडम. तीस वर्षं झाली या कामात. माह्या हाताखाली पयल्यांदाच मेलं कोणी.

मेघा: वसंत तुमच्या नात्यातला होता ना?

आनंदराव: साळा. माही बायको बायजा, तिचा लहाना भाऊ. भिवापूरहून मीच आनला त्याले. तिथं मिरची तोडाचं काम दोन-तीन महिने, बाकी वर्षभर पारावर बसा. मी म्हणलं चाल गा नागपूरले, सेंट्रिंग शिकवतो. आठ वर्षं झाली त्याले.

मेघा: आणि आज त्याच्याच डोक्यावर सगळं ठेवून तुम्ही सही करणार.

आनंदराव: खोटं नाई न ते. जाळी सोडली त्यानंच. आपल्या हातानं.

मेघा: साडेचार वाजता?

आनंदराव: हो.

मेघा: तुम्ही तिथे होता?

आनंदराव: खालीच होतो.

मेघा: हा कागद बघा. ज्या दवाखान्यात त्याला आधी नेलं, तिथला आहे. काल संध्याकाळी आला माझ्याकडे. आणल्याची वेळ वाचा. वाचता येतं ना तुम्हाला?

आनंदराव: सातवी शिकलो मी. एक वाजून वीस मिनिटं.

मेघा: साडेचारला पडलेला माणूस एक वीसला दवाखान्यात कसा पोचला?

आनंदराव: लिहिणाऱ्यानं चूक केली असन.

मेघा: मीही आधी तेच म्हटलं. मग फोन करून विचारलं. नर्सला नीट आठवतं. म्हणाली, दोघं जण टेंपोतून घेऊन आले, नाव विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आनंदराव, मंगळवारी दीड वाजेपर्यंत मी तुमच्याच साइटवर होते.

आनंदराव: पानी भेटन का, मॅडम?

मेघा: त्या बाटलीतलं घ्या. बसा, घाई नाही. पण हा कागद मी घेणार नाही. एवढं समजून चाला.

(आनंदरावांचा फोन वाजतो.)

आनंदराव: हॅलो. हो, सायेब. बसलोच आहो त्याइच्यापाशी. हो, तेच सांगतलं. साडेचार. होऊन राहिली सही. हो, हो, सांगतो तिले. ठेवतो.

मेघा: कोणाला काय सांगायचंय?

आनंदराव: नंदिनीले. वसंताची बायको. सायेब म्हणते, सोसायटी झाली का तिले तिथंच झाडझुडीच्या कामावर लावून देतो. कागद इकडं जमा झाला का तिकडं तिचं नाव पक्कं. आन माह्ये चौदा लोकं आहेत, मॅडम, त्याइचं काम सुरू राहीन. आता तुमीच सांगा, मी का करू. पाण्यात राहून माशासंग वैर नाई करता येत.

मेघा: भरपाई नंदिनीचा हक्क आहे. गौरांगची मेहेरबानी नव्हे. पण तुम्ही लिहून दिलं की चूक वसंतची होती, तर तोच कागद घेऊन त्यांचा वकील तिला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावेल. मग हातात झाडू तेवढा राहील तिच्या. घरी विचारलंत का, बायजाबाईंना?

आनंदराव: ते बोलत नाई माह्यासंग. मंगळवारपासून. भाकर करते, ताट सरकवते, आन भिंतीकडं तोंड करून बसते. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं मले. उद्या विहारात पुण्यानुमोदन आहे वसंताचं, सारे नातेवाईक येतीन. तिथं कोणी ना कोणी विचारनच, का भाऊजी, तुमी होते न संग, मंग कसा पडला.

मेघा: मग आज मला सांगा. कसा पडला?

आनंदराव: तुमी लिहिसान?

मेघा: तुम्ही सांगाल ते लिहीन. पदरचं काही घालणार नाही.

आनंदराव: उन्हाळ्यात तुमी आल्या होत्या आमच्या साइटवर. ए विंगले जाळी नव्हती, तुमी नोटीस देल्ली. मंग दंड लागला.

मेघा: बरोबर. मालकाला लागला.

आनंदराव: मालकाले लागला, आमच्या हाजरीतून कापला. दर मानसामागं दोन हाजऱ्या, म्हंजे दोन दिवसाची मजुरी. सायेब म्हणे, तुमच्याच जिवासाठी आहे न हे सारं, मंग तुमी बी भरा थोडं.

मेघा: हे मला कोणीच सांगितलं नाही.

आनंदराव: तुमाले कोण सांगन? तुमी येता, सायेब संग राहते. आमाले एका लाइनीत उभं करते आन टोप्या घालून देते. तुमी विचारता, काही तक्रार? आमी म्हणतो, नाई. तुमी जाता, टोप्या वापस स्टोअरमंदी.

मेघा: पुढे सांगा.

आनंदराव: दंडानंतर जाळी आनली. एकच आनली. नोटिशीत ए विंग लिहिलं होतं न, तर ए विंगपुरती आनली. मंग ए विंगचा सांगाडा झाला सारा, आमी बी विंगवर गेलो, तर जाळी बी तिकडं नेली. वसंतच बांधे ते. त्याच्या गाठी पक्क्या राहत. दोन महिने चांगलं चाललं, मॅडम. जाळी आहे म्हणलं का मानूस जरा मोकळा चालते पायटीच्या फळ्यांवर.

मेघा: म्हणजे दोन इमारती आणि एक जाळी.

आनंदराव: हो. सोमवारी संध्याकाळी सायेब धावत आला. म्हणे उद्या अकरा वाजता त्या मॅडम येऊन राहिल्या, ए विंगची जाळी पाहाले. त्याइच्या कागदात ए विंगच आहे. सकाउन जाळी तिकडं दिसली पाह्यजे, नाईतर दंड दुप्पट.

मेघा: आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

आनंदराव: मी म्हणलं, सायेब, मंग बी विंगचं काम उद्या बंद ठेवतो. तो म्हणे स्लॅबची तारीख आहे, बंद कशी ठेवतो? अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे, मॅडम गेल्या का दुपारी वापस बांधा. मी वसंताले सांगतलं. मले वाटलं तो चिडन. तर तोच मले म्हणे, भाऊजी, आपनच लवकर उठून सोडू, नाईतर अजून दोन हाजऱ्या जातीन. सहा वाजता आला. तुमी यायच्या आधी ए विंगले बांधून मोकळा. म्हणून म्हणलं न मी, खोटं नाई लिहिलं. त्यानंच सोडली.

मेघा: दंड वाचावा म्हणून.

आनंदराव: दंड वाचावा म्हणून. मी मुकादम. मी नाई म्हणालो असतो तर नसती सुटली. हे बी लिहा.

मेघा: लिहितेय. किती वाजता पडला?

आनंदराव: साडेबारा झाले असतीन. तुमी तेव्हा ए विंगवर, वर चढून राहिल्या होत्या.

मेघा: सातव्या मजल्यावर होते मी. आवाज आला होता. मी गौरांगला विचारलं, काय पडलं? तो म्हणाला, प्लेट पडली मागे, रोजचंच आहे. मी म्हटलं, प्लेट अशी पडू देऊ नका, खाली माणसं असतात. त्याने हो म्हटलं. आणि मी पुन्हा जाळीच्या गाठी तपासायला लागले. फार सुंदर गाठी होत्या. रिपोर्टात लिहिलंय मी, बांधणी उत्तम.

आनंदराव: त्याच्याच होत्या.

मेघा: बी विंगकडेही जायचं म्हणत होते मी. गौरांग म्हणाला, तिकडे आज काम नाही, पाणी मारलंय, चिखल आहे. माझ्या नोटिशीत ए विंग होतं. मी म्हटलं, जाऊ दे. एवढंच. जाऊ दे.

आनंदराव: पट्टा होता त्याच्या कमरेले, मॅडम. तुमाले वाटत असन, बिनपट्ट्यानं गेला. पट्टा बांधला होता. अडकवाले कुठं काही नव्हतं.

मेघा: लगेच गेला का?

आनंदराव: नाई. जीव होता. बोटं हालवून राहिला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तितक्यात सायेबाचा फोन आला, वरतून, तुमच्यापासून बाजूले होऊन केला असन. हळूच बोलला. म्हणे मागच्या गेटातून टेंपो काढ, दोघाले पाठव संग. मॅडमले मी खाली ऑफिसात आनतो. तू इकडं ये आन चा घेऊन ये. त्या मागं गेल्या तर साइटले सील, तुह्ये सारे लोकं घरी बसतीन.

मेघा: चहा आला होता. मी रिपोर्ट लिहीत होते, मान वर केली नाही. कोणीतरी टेबलावर कप ठेवला.

आनंदराव: मीच ठेवला.

मेघा: तुम्ही?

आनंदराव: शर्टावर रक्त होतं, म्हणून वरतून जाकीट घातलं, पिवळं, तुमी येता तेव्हा घालतो ते. दोन कप ठेवले. तुमी म्हणल्या, साखर कमी आहे ना? मी म्हणलं, हो. तितक्यात मागून टेंपो गेल्याचा आवाज आला. मले वाटलं होतं का तुमी एक डाव वर पाहसान माह्याकडं. पाहिलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं वाटते मले. आता वाटते. तेव्हाचं माहीत नाई.

मेघा: मी पाहिलं नाही.

आनंदराव: मी संग गेलो नाई, मॅडम. साळा मरून राहिला होता आन मी चा देऊन राहिलो होतो. तीन वाजता गेला तो. जवळ घरचं कोणी नाई. बायजाले हे माहीत नाई अजून. तिले वाटते मी टेंपोत होतो. तरी बोलत नाई. माहीत झाल्यावर का करन?

मेघा: तुम्ही सांगितलंत, ते मी लिहिलंय. चहाचंही लिहू?

आनंदराव: लिहा. आता अर्धं कशाले ठेवता. मले लाज वाटते, पण लाज घेऊन तरी कुठं जाऊ मी.

मेघा: एक विचारते. सोमवारी गौरांगला कसं कळलं, मी येणार ते?

आनंदराव: फोन आला होता म्हणे. कोनाचा, का माहीत. तुमच्या ऑफिसातलाच कोणी असन त्याचा मानूस. पैसे खानारा.

मेघा: पैसे खाणारा नाही. मी केला होता फोन.

आनंदराव: तुमी?

मेघा: सोमवारी पाच वाजता, याच टेबलावरून. नवीन होते तेव्हा न सांगता जायचे मी. चौकीदार गेट उघडत नसे. तास-तास उन्हात उभी राहायचे. आत गेलं तर नकाशे नाहीत, साहेब बाहेरगावी, किल्ली कोणाकडे ते ठाऊक नाही. परत यायचं, पुन्हा जायचं. मग ऑफिसातल्या जुन्या लोकांनी सांगितलं, आदल्या दिवशी फोन टाकत जा, काम लवकर होतं. सगळेच करतात. मीही करायला लागले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आनंदराव. पाहुण्यांकडे जाताना आपण सांगून जातो, तसं सांगून जात होते मी. आणि रिपोर्टात एक रकाना असतो, भेट पूर्वसूचना न देता. तिथे दर वेळी बरोबरची खूण. मंगळवारीही केली.

आनंदराव: तुमी थोडीच म्हणल्या का जाळी काढा म्हणून.

मेघा: म्हणायची गरज नव्हती. मी फोन केला नसता तर जाळी बी विंगवर असती. मी अकराला पोचले असते, ए विंगला जाळी नाही म्हणून दंड केला असता, आणि वसंत जिवंत असता.

आनंदराव: आन त्याच्या दोन हाजऱ्या गेल्या असत्या. चिडला असता तुमच्यावर. शिव्या देल्ल्या असत्या.

मेघा: देऊ द्यायच्या होत्या.

आनंदराव: मॅडम, एक सांगू? फोनाचं नोका लिहू.

मेघा: का?

आनंदराव: माह्यं मी लिहून देल्लं, सायेबाचं देल्लं. तेवढं पुरे आहे. फोन कोनी केला ते माह्या जबाबात यायचं काही कारन नाई. मले माहीतच नव्हतं. तुमची नोकरी जाईन.

मेघा: चौकशी लागेल. निलंबन तर नक्की.

आनंदराव: मंग काहून लिहिता? तुमच्याआधी जो सायेब होता, तो गाडीतून नाई उतरे. काच खाली करून सही करे. तुमी सात-सात माळे चढता. तुमी गेल्या तर तसाच एखादा येईन पुन्हा. आमाले तुमी राहिलेल्या बऱ्या.

मेघा: मी वर चढते म्हणून तर जाळी उचलून नेली ना काका. तो काचेतून सही करणारा असता तर जाळी जागेवर राहिली असती.

आनंदराव: असं नोका म्हणू.

मेघा: मला भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू. कालपासून हा दवाखान्याचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. रात्रभर विचार केला की नर्स चुकली असेल असं धरून चालू. तुमचा टाइप केलेला कागदही नीट होता, सही घेतली असती तर पंधरा मिनिटांत फाइल बंद. घरी बाबा आहेत, कळमेश्वरला. माझ्याच पगारावर चालतं. तुम्ही आत्ता नोका लिहू म्हणालात तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चहाचं लिहा म्हणालात आणि मी फोनाचं लपवू, तर माझ्याच्याने उद्या कोणाचा जबाब घेववणार नाही.

आनंदराव: वाचून दाखवा मंग, का लिहिलं ते.

मेघा: ऐका. तुमच्या जबाबात एवढंच, की मॅनेजरला आदल्या दिवशी खबर होती. माझं मी वेगळं लिहितेय, माझ्या सहीने. "सोमवारी पाच वाजता मी स्वतः फोनवरून भेटीची वेळ कळवली होती. अहवालातील खूण खोटी आहे."

आनंदराव: फार छोटं लिहिलं.

मेघा: मोठं लिहायला घेतलं तर कारणं लिहीन. तुमचा जबाब वाचून बघा, आणि सही करा. नाही म्हणायचं असेल तर अजूनही म्हणू शकता. यात तुमच्यावरही गुन्हा लागू शकतो, हे आधीच सांगते.

आनंदराव: तुमीच वाचा हळूहळू. मी ऐकतो.

मेघा: "वसंत हा पट्टा बांधून काम करीत होता. पट्टा अडकवण्यासाठी काहीही नव्हते. जाळी मॅनेजरच्या सांगण्यावरून व माझ्या हुकमाने सकाळी सहा वाजता ए विंगला नेली. वसंतची चूक नाही."

आनंदराव: ते शेवटचं पुन्हा वाचा.

मेघा: "वसंतची चूक नाही."

आनंदराव: द्या पेन. कुठं करू?

मेघा: इथे. आणि त्याखाली तारीख. आज शनिवार.

आनंदराव: उद्या विहारात सारे जमतीन तेव्हा याची एक कॉपी नंदिनीले देऊ शकतो का मी?

मेघा: कॉपी मी आत्ता काढून देते. बायजाबाईंना आधी द्या. तुम्ही सांगायच्या आधी त्यांनी वाचलं तर कदाचित सोपं जाईल तुम्हाला.

आनंदराव: सोपं नाई जानार. पण देतो. निघू मी? जेवाची सुट्टी संपून राहिली. लोकं चढले असतीन वर.

मेघा: कुठे वर? बी विंगचं काम बंद करायला सांगितलंय ना मी?

आनंदराव: तुमी तोंडी सांगतलं होतं. दोन दिवस बंद ठेवलं, काल सुरू केलं. सायेब म्हणे लेखी कागद आला नाई.

मेघा: तो आदेश वर सहीला गेलाय. आनंदराव, जाळी तरी बी विंगवर परत बांधली ना?

आनंदराव: नाई, मॅडम. ए विंगवरच आहे. सायेब म्हणे, चौकशीसाठी तुमी केव्हाही येसान.